हर्सूलचे पाणी आणि तोलाचे शास्त्र

जुन्या जगात पदार्थविज्ञान, मनाचे शास्त्र आणि राज्यविचार यांच्यात भिंती नव्हत्या. ग्रीकांकडून बगदादमार्गे इराण, मध्य आशिया आणि पुढे दख्खनपर्यंत पोचलेल्या विद्येत तिन्हींचा पाया एकच होता: पृथ्वी, पाणी, अग्नी आणि वायू ही चार तत्त्वे आणि त्यांच्यातला तोल. तत्त्वांच्या मिश्रणातून वस्तू बनते, शरीरात त्यांचेच चार दोष होतात, दोषांच्या कमीजास्त प्रमाणातून माणसाचा स्वभाव घडतो आणि अशा माणसांचे मिळून राज्य होते, अशी ही साखळी होती. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) उत्तरेला, हर्सूल-सावंगीच्या परिसरातून शहराकडे आलेल्या नहरींचा इतिहास पाहिला, तर या साखळीचे तिन्ही दुवे तिथे सापडतात. त्यांतला कोणता दुवा किती भार पेलतो, हेही तिथेच कळते.

अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार पाहणाऱ्या मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावी, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, राजधानी वसवली. खाम नदी पावसाळ्यानंतर आटते, तेव्हा मोठ्या वस्तीला तिचा भरवसा नव्हता. त्याने बांधलेल्या नहर-ए-अंबरीच्या बांधकामात नदीच्या वाहत्या पाण्यापेक्षा डोंगरपायथ्याच्या जमिनीत मुरलेल्या पाण्यावर भिस्त ठेवलेली दिसते. उंचावरचे झिरपे गोळा करायचे, बांधीव भुयारातून अगदी मंद उतार देऊन ते शहरात आणायचे आणि साफसफाईसाठी वरून जागोजाग विहिरीसारखी तोंडे ठेवायची, ही इराणातल्या कारेझची रीत आहे. ११व्या शतकाच्या आरंभी अल-करजी या गणितज्ञाने जमिनीतले पाणी शोधण्यावर आणि असा उतार मोजण्याच्या साधनांवर एक ग्रंथच लिहिला होता. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा याच सुमाराचा, १६१५ चा. तो झाला मोगल सुभेदार अब्दुर्रहीम खानखानानच्या कारकिर्दीत, आणि खानखानान तर रणांगणावर अंबरचा प्रतिस्पर्धी. लढाया चालूच होत्या, पण जमिनीखाली दोन्ही पक्षांचे शास्त्र एकच होते.

पाणचक्कीची नहर नंतरची, आणि भौतिकशास्त्राच्या दृष्टीने अधिक रोचक. हर्सूलच्या नदीला ओढा मिळतो, त्या जागेच्या थोडे वर असलेल्या विहिरीतून तिचे पाणी निघते आणि सुमारे ८ किलोमीटर अंतर कापून बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पोचते. वाटेत बराच भाग खापरी नळांचा आहे. उघड्या पाटाला सतत उतार लागतो, बंद नळाला मात्र तशी सक्ती नाही. नळ सखल जागेत उतरून पुन्हा चढला तरी चालते. शेवटचे तोंड उगमापेक्षा खाली असले आणि वाटेतल्या घर्षणाला पुरेल एवढा उंचीतला फरक हाती असला, की पाणी वर चढते. द्रवाचा दाब भांड्याच्या आकारावर अवलंबून नसतो, फक्त खोलीवर असतो, हे सायमन स्टेव्हिनने १५८६ मध्ये नेमके मांडले. त्याच्या कितीतरी आधी रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने दरी ओलांडणाऱ्या नळांचे वर्णन केले होते. शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळातले पाणी आरोग्याला बरे, असाही सल्ला त्याने दिला होता.

खापरी नळाचे दुखणे वेगळेच असते. चढावाच्या टोकाला हवा कोंडली की प्रवाह अडतो, आणि दाब एकाएकी वाढला की सांधे फुटतात. त्यावरचा उपाय म्हणजे वाटेत उभारलेले विटा-चुन्याचे उंच खांब. पाणी खांबात चढते, वरच्या छोट्या हौदात मोकळे होते, कोंडलेली हवा सोडते आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा नळात उतरते. त्यामुळे पुढच्या नळावरचा दाब मर्यादेत राहतो आणि गळती कोणत्या टप्प्यात आहे तेही ओळखता येते. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक खांबापाशी थोडी उंची खर्ची पडते. इस्तंबूलच्या उस्मानी पाणीपुरवठ्यातही असेच मनोरे होते, आणि त्यांना पाण्याचे तराजूच म्हणत. पाणचक्कीपाशी उरलेली उंची शेवटी कामाला लावली आहे. १ लिटर पाणी ५ मीटर खाली पडले तर सुमारे ४९ ज्यूल ऊर्जा मिळते. पात्यांवर सतत पडणाऱ्या धारेतून दळणाचे जाते फिरते. पहिला निजाम आसफजाह याच्या पदरचा सरदार तुर्कताज खान याचे नाव या चक्कीच्या उभारणीशी जोडले जाते.

त्या काळी शिकवला जाणारा सिद्धांत मात्र चुकीचा होता. निसर्ग पोकळी राहू देत नाही म्हणून पाणी वर ओढले जाते, हे ॲरिस्टॉटलच्या परंपरेचे मत. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीचा पाऱ्याचा प्रयोग १६४३-४४ चा, म्हणजे अंबरच्या नहरीनंतरचा. हवेला वजन आहे आणि ते वजन समुद्रसपाटीला सुमारे १०.३ मीटर उंचीचेच पाणी तोलते, हे त्यानंतर पक्के झाले. औरंगाबादच्या उंचीवर ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. दरीत उतरून चढणाऱ्या नळाला पोकळीचा प्रश्न मुळात येतच नाही. त्यामुळे सिद्धांत चुकला तरी नहर वाहत राहिली.

मनाच्या बाबतीत अशी सुटका नव्हती. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त या चार दोषांवरून ग्रीक वैद्य गेलनच्या परंपरेने चार स्वभाव ठरवले, आणि युनानी वैद्यकाने ते भारतात आणले. आयुर्वेदाचे त्रिदोष वेगळे असले तरी तोल बिघडला की विकार होतो, ही समजूत दोन्हीकडे सारखीच. दोषांची रसायने पुढे खोटी ठरली, वर्गीकरण मात्र चिवट निघाले. मानसशास्त्रज्ञ वुंट आणि नंतर आयझेंक यांनी तेच चार स्वभाव दोन अक्षांवर मांडून पाहिले. पाणचक्कीच्या दर्ग्यात या शास्त्राची दुसरी शाखा नांदत होती. बाबा मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गुज्दवानचे. नक्शबंदी या सुफी पंथाच्या साधनेची मूळ सूत्रे ज्यांच्या नावावर आहेत, ते अब्दुल खालिकही त्याच गावचे. श्वासागणिक जागे राहणे, नजर पावलावर ठेवणे, गर्दीत असून एकांतात असणे ही ती सूत्रे म्हणजे अवधानाचे शिक्षणच होते. मन आधी वासनेचे हुकूम पाळते, मग स्वतःला दोष देऊ लागते आणि अखेर निवते, अशा तीन अवस्था सुफी मानत. मुसाफिरांचा शिष्य शाह महमूद याने लिहिलेल्या ‘मल्फूजात-ए-नक्शबंदिया’त मात्र या साधनेभोवती औरंगजेबाच्या फौजेतले तुराणी (मध्य आशियाई) शिपाई वावरताना दिसतात. मुसाफिरांचे गुरू बाबा पलंगपोश तर फौजेबरोबरच फिरत. मन शांत करणारी विद्या सैनिकांना धीर देण्याच्याही कामी येत होती, ही गोष्ट पाठ्यग्रंथांतून कळली नसती.

साखळीच्या तिसऱ्या दुव्याचा, म्हणजे राज्यविचाराचा, मुख्य ग्रंथ इराणी विद्वान नसिरुद्दीन तुसीचा ‘अखलाक-ए-नासिरी’, सुमारे १२३५ चा. त्यात समाजाचे चार वर्ग थेट चार तत्त्वांशी जोडले आहेत: लेखणीचे लोक म्हणजे पाणी, तलवारीचे अग्नी, व्यापारी वायू आणि शेतकरी पृथ्वी. एक वर्ग वरचढ झाला की राज्य आजारी पडते, आणि राजा हा त्याचा वैद्य. याच परंपरेत न्यायाचे चक्र येते: फौजेवाचून सत्ता नाही, पैशावाचून फौज नाही, रयतेवाचून पैसा नाही आणि न्यायावाचून रयत नाही. अकबराच्या दरबारात हा ग्रंथ वाचला जाई. अंबरने सारावसुलीची मक्तेदारी मोडून जमिनीच्या कसानुसार सारा ठरवला, तोही याच हिशेबात बसतो. दख्खनेत मात्र यापेक्षा रोकडा विचारही होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५) तत्त्वांचे रूपक नाही. गडाची जागा निवडताना आधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत आणि एकाच झऱ्यावर विसंबू नये, असे त्यात बजावले आहे.

तुसीच्या मांडणीत प्रत्येक वर्गाने आपली जागा सोडायची नाही. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला, अहमदनगरचा पेशवा चंगेजखान याने विकत घेतलेला आणि पुढे राज्य चालवणारा अंबरसारखा माणूस त्यात कुठेच बसत नाही. मोगल बादशहा जहांगीर आत्मचरित्रात अंबरला त्याच्या रंगावरून वारंवार शिव्या देतो. अबुल हसनने सुमारे १६१६ मध्ये काढलेल्या चित्रात पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला जहांगीर भाल्याच्या टोकावर लावलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे आणि सोबत न्यायाचा तराजूही दाखवला आहे. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये तो वारला, तेव्हा जहांगीरचाच इतिहासकार मुतमद खान याने लिहून ठेवले की युद्धात, हुकमतीत आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता.