कोळंबीची कात

कोळंबी कशी वाढते, असे विचारले तर बहुतेक जण म्हणतील, मासा वाढतो तशीच. वस्तुतः तसे नाही. माशाचा सांगाडा आत असतो आणि शरीराबरोबर वाढतो. कोळंबीचे कवच बाहेर असते आणि एकदा कडक झाले की ते वाढत नाही. मोठे होण्यासाठी तिला ते टाकावेच लागते. तलावावर काम करताना आम्हांस हे पुस्तकातून कमी आणि नुकसानीतून अधिक कळले.

आपल्या किनाऱ्यावरील तलावांत आज प्रामुख्याने व्हेनामी ही जात पाळली जाते. ती मूळची अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्याची. भारतात तिच्या संवर्धनाची वाट २००९ मध्ये मोकळी झाली. पिल्ले दर काही दिवसांनी कात टाकतात. विक्रीच्या वजनाला आलेली कोळंबी साधारण दोन आठवड्यांनी.

कातीची सूत्रे असतात डोळ्यांच्या देठांत. तेथील एक संप्रेरक कात रोखून धरते. त्याचा जोर ओसरला की दुसरी ग्रंथी कात टाकविणारे संप्रेरक सोडते. जुन्या कवचाखाली नवे, मऊ कवच तयार होते आणि भूक मंदावते. मग, बहुधा रात्री, डोक्याकडील व शेपटीकडील कवचाचा सांधा पाठीवर उकलतो आणि अंगाला झटका देत कोळंबी काही मिनिटांत बाहेर पडते. पाय, मिशा, एवढेच काय, जठराचे अस्तरसुद्धा जुन्या कवचाबरोबर जाते! लगेच ती पाणी शोषून फुगते; त्या रिकाम्या जागेत मांस मागाहून भरते.

खरा धोका याच घटकांत असतो. तिला प्राणवायू अधिक लागतो, पळता येत नाही आणि तिच्याच जातीच्या भुकेल्या कोळंब्या तिला खातात. कवच कडक होण्यास लागणारे कॅल्शियम तिला मुख्यतः पाण्यातून घ्यावे लागते, कारण शरीरात त्याचा साठा फारसा नसतो. म्हणूनच मोठ्या पावसाने पाणी गोडसर झाले की कवचे दिवसेंदिवस मऊ राहतात.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास कात अधिक पडते, असा संवर्धकांचा अनुभव आहे आणि आमचाही. आमच्या दुसऱ्याच हंगामात अशा एका अमावास्येला आम्ही नेहमीइतकेच खाद्य टाकले आणि डिझेल वाचविण्यासाठी पाणी घुसळणारे एरेटर मध्यरात्री बंद केले. न खाल्लेले खाद्य तळाशी कुजले, प्राणवायू घटला. पहाटे बांधाच्या कडेने मऊ, फिकट कोळंबी मरून पडली होती. एका रात्रीत अनेक आठवड्यांचे श्रम गेले, आणि दोष सर्वस्वी आमचाच होता.

तेव्हापासून आम्ही केवळ पंचांगावर विसंबत नाही. पाऊस किंवा पाणीबदल यांनीही कात एकदम पडू शकते. रोज खाद्याचे ताट उचलून पाहतो. खाद्य उरले, पाण्यावर पारदर्शक कवचे तरंगू लागली, की खाद्य कमी करतो आणि एरेटर रात्रभर चालू ठेवतो. पाण्याची तपासणी करून गरजेप्रमाणे चुना व खनिजे देतो. विक्रीपूर्वी पाग टाकून मूठभर कोळंबी बोटांनी दाबून पाहतो. मऊ मालाला व्यापारी भाव पाडून मागतो. मऊ कोळंबी बरीच निघाली तर गाडी परत पाठवून दोन-तीन दिवस थांबतो.