कोंबडीची विष्ठा : कच्ची की मुरलेली?

जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ आणि परसात चार-दोन कोंबड्या पाळणारी घरेही पुष्कळ. मग खुराड्यातली ताजी विष्ठा मोसंबीच्या रोपाला घातली तर? पानांच्या कडा करपतील. कोवळे रोप कदाचित मरेलही. असे का व्हावे?

कोंबडी मूत्र वेगळे टाकत नाही. विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजेच तिचे मूत्र. ते मुख्यतः युरिक आम्ल. त्यात नत्र भरपूर. जिवाणू त्याचा अमोनिया करतात. हा अमोनिया व विष्ठेतील क्षार मुळांना जाळतात. खुराड्यात नाकाला झोंबतो तो हाच अमोनिया. म्हणजे रोपाचे अन्नच हवेत उडून जाते!

उपाय सोपा आहे. विष्ठेत दुप्पट-तिप्पट पालापाचोळा किंवा बारीक केलेल्या पऱ्हाट्या मिसळा. नत्राच्या 1 भागास कार्बनचे 25 ते 30 भाग मिळाले, की जिवाणू बराचसा नत्र आपल्या शरीरात साठवतात. ढीग ओलसर ठेवून अधूनमधून वरखाली करा. आत 55 अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता झाली व ती काही दिवस टिकली, की बहुतेक रोगजंतू मरतात. काही महिन्यांत मातीचा वास येणारे भुसभुशीत खत तयार!

झेंडूच्या दोन कुंड्यांत हा प्रयोग करून पाहा : एकीत ताजी विष्ठा, दुसरीत मुरलेले खत. नंतर हात साबणाने धुवा. कोणते रोप आधी माना टाकते, ते वहीत नोंदवा.