घर चाकावर, पण पत्ता कुठला?

संध्याकाळी बोईसरहून सालवडकडे येताना औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला लागलेल्या गाड्यांकडे कधी नीट पाहिले आहे का? ट्रेलर, टँकर, आयशर, छोटा हत्ती. एखाद्या केबिनच्या आडोशाला स्टोव्ह पेटलेला, आरशाला टॉवेल वाळत टाकलेला, सीटमागच्या फळीवर अंथरूण. यातल्या कित्येक ड्रायव्हरांचे महिन्यातले निम्मे-अधिक दिवस गाडीतच जातात. भटक्या समाजातली काही कुटुंबे गाढवा-घोड्यांऐवजी आता टेम्पोत बिऱ्हाड भरून गावोगाव फिरतात. आणि अलीकडे तिसराच प्रकार निघाला आहे. नोकरीतून मोकळे झालेले नवरा-बायको मोठी गाडी घेतात, आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवतात आणि "आता देश बघणार, घरबीर काही नको" म्हणतात. याला मोटारहोम म्हणतात, सरकारी कागदात कॅरव्हान. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरणही काढले.

तुम्ही म्हणाल, हे पैसेवाल्यांचे खूळ, शेतीच्या पानावर कशाला? तर मंडळी, तो माणूस शेवटी कागदासाठी तुमच्याच गावात येतो. ग्रामसेवकाच्या (त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) टेबलासमोर उभा राहतो आणि विचारतो, "पत्ता कुठला लावू?" शिवाय गाडी कुणाच्या नावावर ठेवायची हा प्रश्न तुमच्या पिकअपला आणि ट्रॅक्टरलाही तितकाच लागू आहे.

आपल्या भागात तर हा प्रश्न अधिकच येणार. तारापूरचा अणुवीज प्रकल्प १९६९ मध्ये सुरू झाला, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली आणि सालवड, बोईसरच्या आसपास नोकरीनिमित्त आलेली माणसे क्वार्टरमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत आयुष्य काढू लागली. तीस-पस्तीस वर्षे एकाच पत्त्यावर आधार, मतदार कार्ड, लायसन, आर.सी. बुक, बँकेचे पासबुक सगळे. निवृत्तीच्या दिवशी क्वार्टरची चावी परत दिली की हा पत्ता एका झटक्यात नाहीसा होतो. कागद मात्र त्याच पत्त्यावर राहतात. पुढे दंडाची नोटीस, कोर्टाचे समन्स, विमा कंपनीचे पत्र सगळे त्या बंद दाराशी येते.

मग पत्ता कुठला धरायचा? कायद्याचा रोख साधा आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० च्या कलम २० मध्ये 'सर्वसाधारण रहिवासी' हा शब्द आहे. एखाद्या गावात घर मालकीचे आहे, नमुना ८ ला नाव आहे, एवढ्यावरून माणूस तिथला सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. आणि काही काळ बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासीपण सुटतही नाही. डहाणू-तलासरीकडचे खलाशी पाहा. महिनोन्महिने ओखा, पोरबंदरच्या बोटींवर राहतात, तिथेच जेवतात, तिथेच झोपतात. त्यांचे गाव बदलते का? नाही. हंगाम संपला की पाय जिथे वळतात, बायकामुले जिथे आहेत, ते गाव. मोटारहोमवाल्यालाही हाच हिशेब लावायचा. फिरून फिरून परत कुठे येता? पावसाळ्यात गाडी कुणाच्या अंगणात उभी असते? आजारी पडलात तर कुणाचा फोन लावता? तो पत्ता तुमचा. मग तो भावाच्या घराचा असो की सालवडमधल्या भाड्याच्या एका खोलीचा.

दोन ठिकाणी मतदार म्हणून नाव ठेवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. खोटे प्रतिज्ञापन केले तर त्याच कायद्याच्या कलम ३१ मध्ये एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. जागा बदलली तर नमुना ८ भरायचा. (हा निवडणूक विभागाचा नमुना ८, ग्रामपंचायतीचा नव्हे. दोन्हींचा आकडा एक असल्याने गोंधळ हमखास होतो.) आधारवरचा पत्ता २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या संमतीने आणि नात्याचा कागद जोडून बदलता येतो, त्यामुळे भाऊ किंवा मुलगा तयार असेल तर अडचण नाही. मात्र आधार हा अधिवासाचा पुरावा नाही, तसे आधारच्या कायद्यातच लिहिले आहे. महाराष्ट्राचा अधिवास दाखला तहसीलमधून घ्यायचा असेल तर राज्यात पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. नातवाच्या प्रवेशाच्या वेळी हे कळते आणि मग धावपळ होते.

आता मोहाची गोष्ट. आपल्यापासून दमण, सिल्वासा जवळ. पुदुच्चेरी लांब असली तरी एजंट जवळ. "साहेब, तिकडे पासिंग करा, टॅक्स वाचेल. भाडेकरार मी बनवतो." असे सांगणारे भेटतात. २०१७ मध्ये केरळात याच कारणाने मोठा गाजावाजा झाला होता. तिकडच्या काही सिनेनटांनी महागड्या गाड्या पुदुच्चेरीच्या पत्त्यावर नोंदवल्याचे उघड झाले. नागालँड, अरुणाचलच्या नंबरच्या लक्झरी बस तर आपल्या महामार्गावर रोज दिसतात. त्या बसने नागालँड पाहिलेले असेलच असे नाही!

अमेरिकेत हा धंदा राजरोस चालतो. तिकडे पूर्णवेळ गाडीत राहणारी माणसे बरीच. साउथ डकोटा राज्यात एक रात्र मुक्काम केल्याची पावती आणि टपाल घेणाऱ्या संस्थेचा पत्ता यावर लायसन मिळत आले आहे. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी अशा फिरत्या लोकांचे टपाल सांभाळणारा क्लब आहे, तो पत्ता हेच त्यांचे गाव. मोंटाना राज्यात विक्रीकर नाही, म्हणून तिथे नावापुरती कंपनी काढून तिच्या नावावर मोटारहोम घेतात. आपल्या एखाद्या अमेरिकेत असलेल्या भाच्याने ही युक्ती सांगितली तर ऐकून घ्या, पण करू नका. आपल्याकडे हिशेब उलटा आहे. महाराष्ट्रात खासगी मोटारीला माणसाच्या नावावर एकरकमी कर पेट्रोलला साधारण ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५ टक्के पडतो. तीच गाडी कंपनीच्या नावावर घेतली की २० टक्के.

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ४० सांगते की गाडीची नोंदणी मालक जिथे राहतो किंवा धंदा करतो त्या राज्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आर.टी.ओ.कडे जाता येते, पण राज्य मात्र खरे हवे. आपल्या जिल्ह्याला एमएच ४८. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर कलम ४७ प्रमाणे नवा नंबर घ्यावा लागतो. खोट्या कागदांवर नोंदणी केली असे ठरले तर नोंदणी रद्द होते, शिवाय २०१९ पासून सहा महिने ते एक वर्ष कैद आणि आयुष्यभराच्या कराच्या दोन तृतीयांश किंवा वार्षिक कराच्या दहापट दंड, जो जास्त तो. वाचवलेला कर कुठल्या कुठे जातो. आणि गाडी हेच घर असेल तर जप्तीच्या रात्री झोपायचे कुठे?

सरळ मार्गही एक आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून बीएच मालिकेचा नंबर मिळतो. राज्य बदलले तरी नंबर बदलत नाही, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा. पण तो सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमातल्या नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांना. अणुवीज केंद्रातल्या कायम कामगाराला तो मिळू शकतो, पण अर्ज नोकरीत असतानाच करायला हवा. शेतकऱ्याला नाही. का नाही, हे आम्हालाही कळलेले नाही.

आता नावाकडे या. इथे आपल्या गावातले लोक सर्वांत जास्त फसतात. गाडी विकली, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले, नोटरी केली, पैसे मोजले, झाले! आर.सी. बुकावर नाव जुनेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात यावर निकाल दिला आहे, तो चावडीवर वाचून दाखवावा असा आहे. हरियाणातली गोष्ट. पहिल्या मालकाने गाडी विकली, ती पुढे हातोहात विकली गेली, नाव मात्र कुणीच बदलले नाही. २००९ मध्ये अपघात झाला, एक जीव गेला. भरपाई कुणी द्यायची? न्यायालय म्हणाले, आर.सी.वर ज्याचे नाव तो मालक. म्हणजे दोन वर्षांपूर्वी विकून मोकळा झालेला माणूस. मृताच्या घरच्यांनी हातोहात झालेल्या विक्रीचा माग काढत फिरावे, हे कायद्याला मान्य नाही.

म्हणून विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर चौदा दिवसांत, परराज्यात असेल तर पंचेचाळीस दिवसांत कळवायचे. नमुना २९ आणि ३०. परराज्यात नेणार असाल तर नमुना २८ ची ना-हरकत. कर्जावरची असेल तर बँकेचीही. पत्ता बदलला तर तीस दिवसांत. हे घेणाऱ्यावर सोडू नका, स्वतः जा. "तो करतो म्हणालाय" या वाक्याने आजवर कुणाचे भले झालेले नाही.

मोटारहोम घेताना लोक कौतुकाने गाडी बायकोच्या नावावर घेतात, किंवा दुबईतल्या मुलाच्या. यात एक खाच आहे. विम्यात मालक-चालकासाठी १५ लाखांचे अपघात संरक्षण असते. ते मालक स्वतः लायसनसह चालवत असेल तेव्हाच. गाडी बायकोच्या नावावर आणि चालवणार नवरा, तर त्या कलमाखाली नवऱ्याला काही नाही. त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा काढावा लागतो. आणि मुलाच्या नावावर असेल तर अपघाताचा दावा परदेशातल्या मुलावर. तेव्हा साधारणपणे जो चालवणार, जो सांभाळणार, त्याचेच नाव असू द्या. वारसाची काळजी असेल तर २०२१ पासून आर.सी.मध्ये वारसदाराचे नाव नोंदवता येते. मालक गेला तर तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचे. ट्रॅक्टरलाही हेच. वडील जाऊन पाच वर्षे झाली तरी ट्रॅक्टर वडिलांच्याच नावावर पळतो आहे, अशी उदाहरणे प्रत्येक गावात निघतील.

जुना मालवाहू टेम्पो घेऊन गावच्या फॅब्रिकेटरकडून घर बनवून घेण्याची कल्पना असेल तर ती सोडा. कंपनीने मंजूर करून घेतलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड आहे. मोटर कॅरव्हानसाठी एआयएस १२४ हे मानक ठरलेले आहे, त्याप्रमाणे बनवणाऱ्याकडूनच घ्यावी. स्वतःच्या वापराची की भाड्याने देण्याची, हे नोंदणीतच ठरवायचे. लायसनचा घोळ मात्र मिटला. ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचे लायसन पुरते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले.

शेवटी ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आणि पोलीस पाटील मंडळींशी दोन शब्द. बऱ्याच कामांना आता रहिवासी दाखल्याऐवजी स्वयंघोषणापत्र चालते, तरी शहानिशा तुमच्याकडेच येते. ओळखीचा माणूस म्हणून न राहणाऱ्याला 'राहतो' म्हणू नका. पण टेम्पोत बिऱ्हाड आहे, अंगावर मळके कपडे आहेत, एवढ्यावरून खरोखर राहणाऱ्याला हुसकावूही नका. रेशनची सोय तर झालेली आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ऑगस्ट २०१९ मध्येच 'एक देश एक रेशन कार्ड' सुरू झाले. वीटभट्टीवर गेलेले आपले कुटुंब वापीच्या दुकानात अंगठा देऊन धान्य घेऊ शकते, आणि तिकडचे इथे.

मताचे काय? घर नसलेल्या माणसाकडे राहण्याचा कागद मागायचा नाही, अशी निवडणूक आयोगाची सूचना आहे. त्याने नमुना ६ मध्ये जी जागा लिहिली, तिथे तो खरेच झोपतो का, हे बी.एल.ओ.ने रात्री जाऊन पाहायचे. एकदा नाही, एकापेक्षा जास्त रात्री. म्हणजे सालवडच्या रस्त्याकडेला वर्षानुवर्षे एकाच झाडाखाली टेम्पो लावून राहणाऱ्या कुटुंबाने अर्ज केला, तर जेवण उरकून बॅटरी घेऊन निघावे लागेल.