रकाना आखायचा कोणी?

१ मार्च २०२७ या संदर्भदिनाकडे डोळे लावून सरकारी दप्तरांत खानेसुमारीची जी लगबग चालली आहे, तीत जातीच्या रकान्यावरून उडालेल्या धुरळ्यात लिंगाचा रकाना फारशा चर्चेविना पार पडावा, हे मला चिंतेचे वाटते. २०११ साली 'इतर' म्हणून देशभरात ४,८७,८०३ माणसे नोंदली गेली, आणि त्यांत ५४,८५४ तर सहा वर्षांपर्यंतची बालके होती. त्या बालकांचे लिंग 'इतर' असल्याचा निर्वाळा दिला कोणी? अर्थातच वडीलधाऱ्यांनी. गुरूच्या डेऱ्यात राहणाऱ्या तृतीयपंथी चेल्याने 'कुटुंबप्रमुखाशी नाते' काय सांगावे, हा प्रश्न तर डेऱ्यातच बसून तक्ता आखणाऱ्याला सुचावा.

उलट, रोहिणी साहनी आणि व्ही. कल्याण शंकर या पुण्याच्या अभ्यासकांनी त्याच २०११ साली प्रसिद्ध केलेली, धंदा करणाऱ्या स्त्रियांची पाहणी घ्यावी. चौदा राज्यांतील सुमारे ३००० स्त्रियांपर्यंत ती पोचली ती त्यांच्याच संघटनांच्या साहाय्याने. आणि 'तुला फसवले कोणी?' एवढ्यावर न थांबता, धंद्याआधी कोणते काम केले, मजुरी किती पडे, अशी विचारणा झाल्यामुळे घरकाम आणि मोलमजुरी यांचा तुटपुंजा हिशेब कागदावर आला. सुमारे ७१ टक्के स्त्रियांनी आपण स्वेच्छेने आल्याचे सांगितले. दारिद्र्यातील स्वेच्छा ही स्वेच्छा कसली, हा आक्षेप रास्तच. परंतु मग उन्हात विटा वाहणाऱ्या मजुरिणीच्या स्वेच्छेची चौकशी आपण का करीत नाही? सांगलीची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' आमचा उद्धार करू नका असे बजावीत आली आहे, त्यातला रोख हाच.

अर्थात संघटनेच्या वाटेने भेटलेल्या स्त्रिया म्हणजे सर्व स्त्रिया नव्हेत, आणि 'सहभागी संशोधन' हा शिक्काही आता अनुदानाच्या अर्जांवर सर्रास उमटू लागला आहे: माहिती जमवताना वस्तीतली बाई सोबतीला, कोष्टके मांडताना मात्र ती दाराबाहेर! सहभागाची ही नवी जुलूमशाही तर नव्हे ना, असा सवाल कुक आणि कोठारी या अभ्यासकांनी २००१ सालीच ग्रंथरूपाने केला होता.

या खानेसुमारीत स्वयंगणनेची सोय आहे, माहिती आपली आपण भरावी, हा बदल स्वागतार्ह खरा. पण फॉर्म माणशी नव्हे, घरटी एक. आणि तो बहुतेक घरांत ज्याच्या मोबाइलवरून भरला जाईल, तो पूर्वी दारात उभा राहून उत्तरे देणारा कुटुंबप्रमुखच असेल.