फ्री व्हिसा नावाचा व्हिसाच नाही

खेड, चिपळूण, महाड या पट्ट्यात गल्फची गोष्ट निघाली की हा शब्द आलाच: फ्री व्हिसा. कुणी त्याला आझाद व्हिसाही म्हणतं. "पोराला अबुधाबीचा फ्री व्हिसा मिळालाय, तिथे हवं ते काम धरेल," असं आई शेजारणीला अभिमानाने सांगते. त्या आईसाठीच हे लिहितो आहे.

संयुक्त अरब अमिरातीच्या कायद्यात या नावाचा व्हिसा नाही. प्रत्यक्षात होतं ते असं. एखादी कंपनी, अनेकदा नुसती कागदावरची, स्वतःच्या नावावर व्हिसा काढते आणि मधल्या माणसाकरवी विकते. कामाच्या परवान्यावर तिचं नाव, पण पोरगा राबतो अबुधाबीच्या मुसफ्फा या औद्योगिक भागातल्या भलत्याच गॅरेजमध्ये. तिथे पगार थकला तर गॅरेजवाल्याच्या दप्तरी तो कुठेच नसतो. व्हिसावाल्या कंपनीने 'कामावर येत नाही' असं कळवलं, की तो फरारी ठरतो. गल्फमधल्या बोलीत अशा माणसाला 'खल्लीवल्ली' म्हणतात. अरबीत त्याचा अर्थ 'जाऊ दे, सोड'. जिवंत माणसाला हे नाव पडावं, याचं मला फार वाईट वाटतं.

"पकडला गेला तर कामगारच अडकतो, मालकाला काही होत नाही" असंही लोक धरून चालतात. कामगाराला झळ बसते हे खरं, पण मालकही सुटत नाही. फेब्रुवारी २०२२ पासून लागू असलेल्या कामगार कायद्यात २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. परवान्याशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला आता १ लाख ते १० लाख दिरहम दंड होऊ शकतो. परवान्यावर माणूस आणून त्याला काम न देणाऱ्यालाही तेवढाच, म्हणजे फ्री व्हिसाच्या धंद्याचं मूळच दंडाच्या कक्षेत आलं आहे. दोन ठिकाणी काम करायचंच असेल तर अमिरातीच्या कामगार मंत्रालयाकडून अर्धवेळ कामाचा परवाना मिळतो. नवऱ्याच्या व्हिसावर राहणाऱ्या बाईसाठीही वेगळा परवाना आहे.

"व्हिसाला पैसे तर मोजावेच लागतात." नाही. भरतीचा आणि परवान्याचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं अमिरातीचा कायदा सांगतो. भारतातल्या नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क घेता येतं, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी. एजंट त्याहून जास्त मागत असेल तर तिथेच थांबा. "आधी व्हिजिटवर जा, मग बघू" हा सल्लाही महागात पडतो. व्हिजिट व्हिसावर नोकरी शोधता येते, करता येत नाही. शिवाय दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला नोकरीसाठी जाताना भारत सरकारच्या ई-मायग्रेटची मंजुरी लागते आणि तिच्यासोबत १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा मिळतो. व्हिजिटवर गेलेला या दोन्हींना मुकतो.

निघण्याआधी हातात पडायला हवं ते मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर. अरबी आणि इंग्रजीसोबत ते कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही द्यायचं असतं. त्या यादीत हिंदी आहे, उर्दू आहे, मराठी नाही. म्हणून हिंदी प्रत मागा आणि एकच आकडा शोधा: मूळ पगार. एजंट सांगतो तो आकडा राहण्या-खाण्याचा भत्ता धरून असतो, पण नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरते. पहिली पाच वर्षं दर वर्षामागे २१ दिवसांचा पगार, पुढे ३० दिवसांचा. मूळ पगार १,२०० दिरहम असेल तर दिवसाचे ४०, म्हणजे चार वर्षांचे ३,३६० दिरहम. "स्वतः राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी कापतात" ही जुन्या कायद्यातली गोष्ट. नव्या कायद्यात एक वर्ष पूर्ण केलेल्याला राजीनाम्यानंतरही ती मिळते.

घरकाम करणाऱ्या बायकांना कायदा नाही, हाही गैरसमजच. त्यांचा कायदा वेगळा आहे, २०२२ चा: आठवड्याला एक सुट्टी, दिवसाला बारा तास विश्रांती, वर्षाला ३० दिवसांची पगारी रजा. आणि पासपोर्ट त्यांच्याकडेच राहायला हवा. नोकरी गेल्यावर मिळणारा बेरोजगारी विमा मात्र त्यांना अजून लागू नाही. ही उणीव खरी आहे आणि ती भरून निघायला हवी.

"माफी योजना म्हणजे पकडून परत पाठवणं" या भीतीने २०२४ मध्ये अनेकांनी संधी घालवली. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर या काळात व्हिसा संपलेल्यांचा साचलेला दंड माफ होता. पुन्हा येण्यावर बंदी न लागता मायदेशी परतता येत होतं. आणि नवा मालक मिळाला तर तिथेच राहून कागद नीट करता येत होते. अबुधाबीत शहामा, स्वैहान, मकाम आणि दफ्रा इथे त्याची केंद्रं होती. आता ती खिडकी बंद आहे. व्हिसा संपल्यावर पडून राहिलेल्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम चढतात.

पगार थकवून कुणी घरी पाठवलं असेल तर नोकरी संपल्यापासून दोन वर्षांपर्यंत दावा करता येतो. रक्कम ५०,००० दिरहमच्या आत असेल तर मंत्रालय स्वतः निकाल देऊ शकतं. त्यासाठी ऑफर लेटरची प्रत, लेबर कार्डाचा फोटो आणि बँकेतल्या पगाराच्या नोंदी घरच्यांच्या फोनमध्येही असू द्या.