पडद्याआधी काम पाहावे

सोनोग्राफीच्या सॉफ्टवेअरचा पडदा आखताना यंत्र काय काय करू शकते, याचाच विचार आधी होतो. वापरणाऱ्याला काय करायचे आहे, हा प्रश्न मागाहून येतो. हा क्रम बदलणाऱ्या पद्धतीला कार्य-विश्लेषण म्हणतात. अ‍ॅनेट आणि डंकन या ब्रिटिश अभ्यासकांनी १९६७ मध्ये तिची श्रेणीबद्ध मांडणी केली.

शिरपूरसारख्या तालुक्याच्या गावी होणारी गरोदर स्त्रीची तपासणी घ्या. उद्दिष्ट एकच, पण त्याखाली अनेक उपकार्ये येतात : नोंदणी, शेवटच्या पाळीची तारीख विचारणे, प्रतिमा घेणे, मोजमापे, अहवाल. प्रत्येकापुढे ते कोण करतो, त्याला कोणती माहिती लागते आणि काय चुकू शकते, हे लिहावयाचे.

असे लिहू लागताच अडचणी दिसतात. सातपुड्याच्या पाड्यावरून आलेल्या पावरी बोलणाऱ्या स्त्रीला तारीख आठवत नसेल आणि तारखेवाचून पडदा पुढे सरकत नसेल, तर कर्मचारी कोणतीही तारीख घालून मोकळा होईल. मग गर्भाच्या वयाचा हिशेबच चुकेल. तेथे ‘तारीख माहीत नाही’ हा पर्याय हवा. डॉक्टरांचा एक हात प्रोबवर गुंतलेला असतो; म्हणून मोजमापाची बटणे दुसऱ्या हाताच्या टप्प्यात हवीत.

१९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानुसार ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो आणि दरमहा ५ तारखेपर्यंत अहवाल पाठवावा लागतो. नोंदीतील त्रुटीही कायद्याचा भंग ठरू शकते. हे काम सॉफ्टवेअरमध्ये नसेल, तर तेच नाव पुनःपुन्हा लिहावे लागते आणि चुकीला वाव मिळतो.

कामाकडे दुर्लक्ष किती महाग पडते, हे शेजारच्या किरणोपचार क्षेत्रात दिसले. पनामात २०००-०१ मध्ये उपचार-नियोजनाचे सॉफ्टवेअर चारच संरक्षक ठोकळे स्वीकारत असे. डॉक्टरांना पाच हवे होते. कर्मचाऱ्यांनी आकडे निराळ्या रीतीने भरले. सॉफ्टवेअरने ते निमूटपणे स्वीकारून वेळ चुकीची काढली. २८ रुग्णांना अतिरिक्त किरणोत्सर्ग मिळाला. त्यांतील काही दगावले.

शिरपुरात अभियांत्रिकीचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना हा अभ्यास गावातच करता येईल. रुग्ण व डॉक्टरांच्या संमतीने काम पाहावे, कार्यवृक्ष कागदावर काढून कर्मचाऱ्यांकडून दुरुस्त करून घ्यावा आणि त्यानंतरच पडद्याला हात घालावा. कर्मचाऱ्याने शोधलेली प्रत्येक पळवाट ही आराखड्यात राहून गेलेल्या कामाची खूण असते.