आयएसओत न मावणारं लग्न

धुळ्या-जळगावकडे कुणाच्याही माळ्यावरून जुन्या सीडींची पिशवी खाली काढली, की तिच्यात बहुधा तीन प्रकारचा माल निघतो. लग्नाच्या व्हीसीडी, कानबाईच्या नि आखाजीच्या अहिराणी गाण्यांच्या ऑडिओ सीडी, आणि फोटो स्टुडिओने किंवा सायबर कॅफेने भरून दिलेल्या फोटोंच्या, कागदपत्रांच्या सीडी. दिसायला सगळ्या सारख्याच, पण संगणकाच्या लेखी या तीन वेगवेगळ्या वस्तू आहेत. बॅकअप घेणारे बहुतेक लोक मात्र तिन्हींना एकच उपाय करतात: सीडीच्या नकलेची आयएसओ फाइल बनवायची आणि सीडी टाकून द्यायची. ओळखीच्या घरांतल्या अशा सीडी मी हार्ड डिस्कवर उतरवून देतो. या एका सवयीने किती लग्नं नि किती आवाज गेले असतील, हा विचार ते करताना सुटत नाही.

सीडी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिची वरची बाजू बघायची. लग्नाच्या सीडीवर नवरानवरीच्या फोटोचा गोल स्टिकर असतो. त्याची कड सुटली असेल तरी तो ओढायचा नाही. चकाकणारा थर खालच्या जाड प्लास्टिकच्या आड नसतो, तो वरच्या बाजूला लॅकरच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. स्टिकर निघाला तर त्याच्याबरोबर तोही निघतो, आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर कामाचं नाही. पृष्ठभाग मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसायचा, गोल फिरवून नाही.

आता प्रश्न फॉरमॅटचा. सीडीवरची माहिती सेक्टरांत असते आणि प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा. ऑडिओ सीडीत हे सगळे बाइट आवाजाला मिळतात, सेकंदाला ७५ सेक्टर या वेगाने. डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइटच खऱ्या माहितीचे, उरलेले पत्ता आणि चूक-दुरुस्तीचे. आयएसओ फाइल हे २०४८ बाइट तेवढे ठेवते. ८० मिनिटांच्या सीडीवर ३,६०,००० सेक्टर मावतात. म्हणजे पूर्ण कच्ची नक्कल ८४ कोटी ६७ लाख २० हजार बाइटची होते आणि आयएसओ ७३ कोटी ७२ लाख ८० हजारांची. फोटोंच्या सीडीला या फरकाने काही बिघडत नाही, कारण गळालेला भाग पुन्हा तयार करता येतो. बाकी दोन प्रकारांत आयएसओ चालतच नाही.

ऑडिओ सीडीत २०४८ बाइटांची वाटणीच नसते, त्यामुळे तिची आयएसओ होतच नाही आणि ते तिथल्या तिथे कळतं. व्हीसीडीचा घोटाळा जास्त वाईट, कारण तो लगेच दिसत नाही. १९९३ साली ठरलेल्या या प्रकारात पहिला ट्रॅक लहानसा, फोल्डर आणि फाइलींच्या यादीचा असतो. खरा व्हिडिओ दुसऱ्या ट्रॅकपासून पुढे. त्याच्या सेक्टरांत चूक-दुरुस्तीची जागासुद्धा चित्राला दिलेली असते, त्यामुळे तिथे २३२४ बाइट माहिती बसते. पुष्कळ प्रोग्राम आयएसओ करताना पहिला ट्रॅक तेवढा उचलतात. फाइल उघडली तर एव्हीएसईक्यू०१ डॉट डॅट हे नाव दिसतं, त्याचा आकारही दिसतो. आत हळद नाही, मांडव नाही, काहीच नाही. यादी शिल्लक राहते आणि लग्न जातं.

एका घरी म्हाताऱ्या काकूंनी अशीच सीडी पुढे केली आणि एवढंच म्हणाल्या, “मन्ही मायना आवाज शे त्यामा.” वऱ्हाड निघण्याच्या वेळी आईने म्हटलेलं गाणं होतं ते. त्या सीडीला आयएसओ लावणं म्हणजे तो आवाज पुसणं होतं.

म्हणून व्हीसीडी आणि ऑडिओ सीडी, दोन्हींसाठी माझी निवड बिन आणि क्यू या फाइलींची जोडी. बिनमध्ये सेक्टर पूर्ण २३५२ बाइटांसह जसेच्या तसे उतरतात. क्यू ही साध्या मजकुराची छोटी फाइल: कुठला ट्रॅक कुठल्या प्रकारचा आणि कुठल्या मिनिट-सेकंद-फ्रेमला सुरू होतो, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. ती नोटपॅडमध्ये उघडून कुणालाही वाचता येते. पन्नास वर्षांनी एकही जुना प्रोग्राम उरला नाही, तरी समजदार माणूस ती वाचून बिनमधून व्हिडिओ काढू शकेल. नीरोची एनआरजी किंवा अल्कोहोलची एमडीएफ-एमडीएस जोडी मी ठेवत नाही. एका कंपनीच्या प्रोग्रामभोवती बांधलेल्या कुलुपात घरची आठवण का ठेवायची? इम्गबर्न या प्रोग्रामला व्हीसीडी दिली तर तो स्वतःहूनच बिन-क्यू निवडतो. एक खबरदारी मात्र हवी. बिनचं नाव क्यूच्या आत लिहिलेलं असतं, तेव्हा नाव बदलायचं तर दोन्हीकडे बदलायचं.

इथे मला धुळ्याचेच राजवाडे आठवतात. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड काढणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि १९२७ साली तिथेच त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. मूळ कागद जपायचा आणि मग त्याचा अर्थ लावायचा, हे काम या गावाला शिकवावं लागत नाही. सीडीचा बिन म्हणजे तो कागद. मुलाबाळांना व्हॉट्सॲपवर पाठवायची एमपी४ फाइल त्यावरून कितीदाही करता येईल. नुसत्या एमपी४वरून मूळ मात्र परत मिळत नाही.

फोटोंच्या सीडीत दुसरी अडचण. स्टुडिओवाला हळदीचे फोटो आज आणि रिसेप्शनचे चार दिवसांनी त्याच सीडीवर भरायचा, म्हणजे सीडीवर दोन सत्रं. मूळच्या क्यूला सत्रांची भाषाच येत नाही. अशा वेळी मी प्रत्येक सत्रातल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करून घेतो. एकाच सत्राची साधी डेटा सीडी असेल तर आयएसओ खुशाल करावी. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम आधी चांगला भाग उचलतो, मग वाईट भागाकडे वळतो आणि कुठपर्यंत वाचलं याची नोंद ठेवतो. ऑडिओला आणि व्हीसीडीला तो उपयोगी नाही.

नक्कल बरोबर आहे हे दोनदा वाचून ठरवायचं आणि दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा जुळवायचा. गाण्यांच्या सीडीला दोन्ही वेळा ड्राइव्ह एकच असावा. दोन ड्राइव्ह आवाजाची सुरुवात थोडी मागेपुढे धरतात, त्यामुळे दोन्ही नकला चांगल्या असूनही आकडे जुळत नाहीत. बाजारातल्या मोठ्या कंपन्यांच्या सीडी ताडून पाहायला अ‍ॅक्युरेटरिपची सामायिक नोंद आहे, पण घरी बर्न केलेल्या सीडीची नोंद तिथे कुठून असणार? आपलं दुसरं वाचन हाच आपला साक्षीदार.

पिशवीतल्या कुठल्या सीडीला आधी हात घालायचा, तेही ठरवावं लागतं. खालची बाजू चंदेरी असेल तर सीडी कारखान्यात छापलेली असते, ती थांबू शकते. हिरवट, निळसर किंवा सोनेरी झाक दिसली तर ती बर्न केलेली. तिच्यातला रंगद्रव्याचा थर उजेडाने आणि उष्णतेने उतरत जातो, आणि जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांवर जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर तर त्याहून जास्त. म्हणून बर्न केलेल्या आधी, त्यांतही ज्यांची दुसरी प्रत कुठेच नाही त्या सगळ्यांत आधी, आणि हे सगळं होळीच्या आत.